एक चूक, एक पेस्टी

सर्वांत मागच्या रांगेतून ऑरिनने मोजले: बर्फावर सव्वीस मुले, रबरी चकत्या एकशे चाळीस, प्रशिक्षक तीन, स्केटना धार लावणारा माणूस एक. त्याच्या स्वतःच्या कॉलेजाच्या संघातही मुले सव्वीसच होती. चकत्या दोनशे, प्रशिक्षक पाच. तरीही अकरा वर्षांत नऊ वेळा आईस हॉकीचा करंडक इथेच, टॅमरॅक कॉलेजाकडे राहिला होता.

का, ते शोधायला लॉरेल रिज कॉलेजाने त्याला पाठवले होते. सहा तास बर्फातून गाडी चालवून तो आला होता. संख्याशास्त्राची नवी पदवी, एक स्टॉपवॉच आणि अजून पक्की न झालेली नोकरी, एवढे त्याच्याजवळ होते. "सोमवारी त्यांचं गुपित घेऊन ये," त्याचे कोच म्हणाले होते, "नाहीतर येऊच नकोस."

दोन तासांत वहीची अकरा पाने भरली. गुपित एकाही पानावर नव्हते.

"ए वहीवाल्या!" खालून टॅमरॅकचे म्हातारे कोच लाहती ओरडले. "खाली ये. उपाशी मरशील तिथे."

धार लावण्याच्या खोलीत भट्टी होती. मांस-बटाट्याचे सारण भरलेल्या गरम पेस्ट्यांसमोर मुलांची रांग लागली होती. फुकट मात्र कुणालाच मिळत नव्हती. प्रत्येक जण आजची एक चूक सांगे, लाहती ती फळ्यावर लिहीत आणि मगच पेस्टी हातात देत.

"मी दोनदा पास द्यायचा सोडून एकटाच घुसलो."

"घे."

"कोच, तुमची शिट्टी उशिरा वाजते."

लाहतींनी तेही लिहिले. "घे. तू?"

"मी पाहुणा आहे," ऑरिन म्हणाला. "लॉरेल रिजचा."

"ते तुझ्या टोपीवरच लिहिलंय. नियम सगळ्यांना एकच. आमची चूक सांग, पेस्टी घे."

ऑरिनकडे एक चूक होती. स्वतःच्या संघातली हीच चूक त्याने तीनदा लिहून दिली होती, आणि तिन्ही कागद त्याच्या कोचच्या कॉफीच्या मगाखाली गेले होते. इथे सांगणे म्हणजे शत्रूच्या हातात काठी देणे. पण आजवर त्याला कुणी विचारलेच नव्हते.

"दुसऱ्या सत्रात बाजू बदलतात," तो म्हणाला. "बाक आपल्या गोलपासून लांब पडतो. दमलेली मुलं बदलीसाठी बाकाकडे येताना मागे वळून चकती बघतात. तुमच्या तिसऱ्या फळीला बदलीला ७.४ सेकंद लागतात. वळून बघितलं नाही, तर साडेपाचच्या आत होईल."

लाहतींनी खडू खाली ठेवला आणि शिट्टी फुंकली. या वेळी वेळेवर.

"स्केट चढवा!"

"पेस्टी हा खाणार आणि पळायचं आम्ही?" कुणीतरी कळवळून म्हणाले. पण त्याच्याही नाड्या आवळून झाल्या होत्या.

सतरा मिनिटांत त्यांनी एकोणीस बदल्या केल्या. शेवटची ५.९ सेकंदांत झाली. लाहती लालबुंद चेहऱ्याने कठड्याशी आले. "आणखी काय काय आहे रे त्या वहीत?"

ऑरिन बोलत राहिला. पेस्टी हातातच गार झाली. धार लावणाऱ्या वेंडेलने ती काढून घेतली आणि दुसरी गरम दिली.

"सोमवारी काय सांगणार तिकडे?" त्याने विचारले.

"गुपित नाहीच, असं."

"मीही तेच सांगायला निघालो होतो," वेंडेल म्हणाला. "नऊ वर्षांपूर्वी, रिजलाच. अजून इथेच आहे." मग त्याने हनुवटीने दोन्ही सहप्रशिक्षकांकडे खूण केली. "ते दोघं तर हेच गुपित शोधायला आणखी लांबून आले होते."

पुढच्या जानेवारीत, एका मंगळवारच्या सरावाला, ऑरिनने टॅमरॅकच्या बाकामागे उभे राहून मोजले: बदल्या एकवीस, सरासरी ५.३ सेकंद; सर्वांत मागच्या रांगेत, लॉरेल रिजची टोपी घालून वहीत लिहिणारा माणूस, एक.