घोडीवर बसायची तालीम

“लगाम ओढू नका भाऊ, सैल सोडा,” नसीमबानो म्हणाली. पण जीवनची बोटं ऐकायलाच तयार नव्हती.

गाविलगडच्या डोंगरातल्या त्या निसर्ग उद्यानात पाच घोड्या रांगेनं चालल्या होत्या. पुढं अकोल्याचं चौघांचं कुटुंब, खिदळत, फोटो काढत. सगळ्यात मागं जीवन, आणि त्याच्या घोडीचा दोर धरून पायी चालणारी नसीमबानो. घोड्या तिच्याच. लग्नसराईत वरातीला, एरवी इथं सहलीला.

जीवनचं लग्न नऊ दिवसांवर होतं. अमरावतीहून वरात अंजनगावला जायची, आणि बापाचा हट्ट की मांडवापर्यंत पोरगा घोडीवरच गेला पाहिजे. लहानपणी काकाच्या लग्नात त्याला काकाच्या पुढ्यात बसवलं होतं. फटाक्यांची लड वाजली, घोडी उधळली, काकाचा खांदा मोडला. तेव्हापासून रस्त्यात वरात दिसली की हा बाजूच्या दुकानात शिरायचा. राजापेठेत वर्षालीसोबत, म्हणजे होणाऱ्या बायकोसोबत फिरतानाही एकदा साड्यांच्या दुकानात शिरला होता. मांडवापुढं, सगळ्या सोयऱ्यांदेखत पडलो तर तोंड कुठं लपवायचं? म्हणून ही चोरून तालीम. उद्यानाच्या रजिस्टरातही त्यानं मित्राचं नाव टाकलं होतं, ओमप्रकाश.

“काहून थरथरून राहिले?”

“थंडी हाय, आपा.”

ऊन चटके देत होतं. नसीमबानोनं थांबून रिकिबीचे पट्टे लांब केले. “हे आखूडच राहिले होते,” ती पुटपुटली.

पुढं वाट दरीच्या कडेला आली. डावीकडं नुसती पोकळी. झाडीत सांबर ओरडलं, घोडी दचकली आणि तिचा मागचा पाय मुरमावर घसरला. खडे खाली गेले. पडल्याचा आवाज आलाच नाही. जीवननं घोडीची आयाळ गच्च धरली. आता मेलो, एवढंच त्याला कळलं.

“उतरवा मले. आपा, उतरवा.”

“आता उतरले तर जिंदगीत पुन्यांदा बसणार नाही तुमी. तिच्या मानेवर हात ठेवा. तिले बी भ्याव वाटून राहिलं.”

त्यानं हात ठेवला. कातडी खरंच थरथरत होती. आपल्यासारखंच आणखी कुणी घाबरलंय म्हटल्यावर त्याला जरा धीर आला. घोडीनं पाय सावरला, एक पाऊल टाकलं, मग दुसरं.

माळावर आल्यावर नसीमबानोनं दोर सोडून दिला. जीवन एकटा एक चक्कर मारून आला. उतरला तेव्हा चेहरा फुलला होता.

“आपा, चौदा तारखेले हीच घोडी पाह्यजे. वरात हाय.”

“हे नाही जमत भाऊ. चौदाले हिच्यावर नवरी बसणार हाय, अंजनगावची.”

“नवरी?”

“हो. चार दिवस झाले, शिकाले येऊन राहिली. तुमच्याहून जास्त भेते. परवा त्या दरीपाशी घोडीच्या गयात पडून रडली, तरी दुसऱ्या दिवशी हजर.”

जीवनला हसू आलं. “मंग बसतेच काहून?”

नसीमबानो खोगिराचा पट्टा सोडत होती. “तिचा नवरदेव घोड्याले भेते म्हणे. सोयऱ्यांपुढं त्याची फजिती नको, म्हणून घरी भांडून तीच बसते. त्यानं काही सांगितलं नाही, पन वर्षालीले समजलं हाय.”