घरच्या डब्यातलं

"आता बघा हां!" म्हणत दानेश्वरीनं माइक तोंडाजवळ घेतला. शाळेच्या आरोग्य मेळाव्यात सकाळपासून कुणालाच न जमलेलं तिला जमलं होतं. पालक जागे होते.

टेबलावर वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या दोन बाटल्या होत्या, रात्रभर प्रयोगशाळेच्या फ्रिजमध्ये ठेवलेल्या. कागद उघडून तिनं स्वतःसुद्धा पाहिलं नव्हतं. मजा सगळ्यांबरोबरच घ्यायची होती.

"आधी आपल्याकडं घरोघरी करडईचं तेल होतं. मग परदेशातनं जहाजं भरून पामतेल यायला लागलं. सरकारनं त्याच्यावरचा कर उतरवला, ते आणखी स्वस्त झालं. शेतात करडई दिसेना, घाणे बंद पडले. आणि आता," तिनं मागच्या फलकाकडं बोट केलं, "तेच सरकार म्हणतंय, तेल जपून खा, हृदय सांभाळा! आधी डबा हातात द्यायचा आणि मग चमचे मोजायचे!"

टाळ्या पडल्या. पाहुण्या डॉक्टर मॅडमसुद्धा हसल्या.

तिनं पहिल्या बाटलीचा कागद फाडला. आतलं तेल तुपासारखं घट्ट झालं होतं.

"हे पाकिटातलं पामतेल. गारव्यानं थिजतं. करडईचं थिजत नाही. आणि ही दुसरी बाटली करडईची, माझ्या अप्पांच्या घाण्यावरची! आमच्या गल्लीतले दोन घाणे बंद पडले, आमचा चालू आहे. लोक विचारतात, रुद्रप्पांनाच कसं जमतं? मी सांगते, प्रामाणिकपणावर!"

पहिल्या रांगेत अप्पा टोपी सारखी करत बसले होते. शेजारी मायाक्का मावशी. तिच्या हृदयाचं दुखणं निघाल्यावर डॉक्टरांनी तेल बदलायला सांगितलं, तेव्हापासून ती कुंभारी गावाहून येऊन अप्पांकडूनच बाटली भरून न्यायची. आजही भरून घेतलेली बाटली तिच्या पिशवीत होती.

दानेश्वरीनं दुसरा कागद ओढला.

वर थोडंसं पिवळं तेल. खाली चार बोटं पांढरा थर.

तिनं बाटली हलवली. थर हलला नाही.

"दुकानातल्या डब्यातलं भरलंस व्हय?" अप्पांच्या तोंडून गेलं. "घरच्या डब्यातलं घ्यायचं की गं!"

बोलून गेले आणि त्यांचं त्यांनाच कळलं.

आई घरच्या डब्यातलंच फोडणीला घालायची. दानेश्वरीला वाटायचं, डबे दोन, पण तेल एकच. घाणा कशावर चालतो, ते तिनं आत्ताच अख्ख्या गल्लीला ओरडून सांगितलं होतं.

मायाक्कानं पिशवी मांडीवर ओढून घेतली. तिनं एकदा अप्पांकडं पाहिलं, एकदा स्टेजवर उभ्या पोरीकडं.

"फ्रिज बिघडला आसंल तुमच्या शाळेचा," ती मोठ्यानं म्हणाली. "लई गार झालं म्हणजे कुठलंबी तेल थिजतंय. व्हय की न्हाय गं बाळ?"

सगळे दानेश्वरीकडं बघायला लागले. अप्पासुद्धा. नुसतं 'हो' म्हणायचं होतं. मावशीनं ते तिच्या ओंजळीत आणून ठेवलं होतं.

दानेश्वरीनं माइक खाली ठेवला.

"फ्रिज चांगला आहे, मावशी."

माइक नव्हता, तरी शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

अप्पा वाकून खुर्चीखाली चपला शोधायला लागले. बराच वेळ शोधत राहिले. चपला त्यांच्या पायातच होत्या.