घर चौऱ्याऐंशी किलोमीटर

किलोमीटर ४१२

बुरुल आपाने नानवर बोटभर साय थापली आणि तो तुकडा दोन्ही हातांनी ओमुरच्या हातात ठेवला. सायकलींच्या शर्यतीत कुणाकडून फुकट काही घ्यायचं नसतं, हे तिला ठाऊक होतं. शर्यतीच्या या ठाण्यावरच्या वहीत वेळा लिहिण्याचं काम तिचंच होतं.

"आधी खा," ती म्हणाली.

ओमुर पहिला होता. तीन दिवस नुसती खडी, सुकलेल्या नद्या, मिठाचं पांढरं वाळवंट. एक मोटार दिसली नव्हती. आता शंभर किलोमीटर उरले होते. मागे कालीस. त्याच्याच गावचा, लहानपणापासूनचा शेजारी. बाकीचे अजून खिंडीपलीकडे.

आणि शेवटी बापाचा पट्टा होता. जुमाशने तो चांदीच्या बकलाचा पट्टा उभ्या जन्मात कमरेवरून दुसऱ्याला दिला नव्हता. मेंढपाळाच्या पोराने घोडा सोडून लोखंडावर बसावं, हे त्याला पटत नव्हतं. गाढवसुद्धा धन्याला चढावर उतरवत नाही, असं तो चारचौघांत म्हणायचा. पण निघताना त्याने बकलावर बोट वाजवलं होतं. पहिला आलास तर हा तुझा. नाहीतर पुढच्या उन्हाळ्यापासून मुकाट्याने मेंढरांमागे.

ओमुरने पाण्याच्या बाटल्या भरल्या. तेव्हा बुरुल आपा चुलीकडे तोंड करून बोलली. गावाहून वायरलेसवर निरोप आला होता. तिने गळ्याजवळच्या कापडाची कड चिमटीत धरली, दोनदा 'तोबा' म्हटलं, आणि मग नाव घेतलं.

"शार्शेनआबा गेले. उद्या दुपारी माती."

शार्शेनआबा म्हणजे कालीसचे वडील.

पुढचं तिने सांगायची गरज नव्हती, तरी तिने सांगितलं. पूल वाहून गेल्यापासून इथे गाडी पोचत नाही. कालीसला घरी न्यायचं तर सायकलवरूनच, आणि त्याला कळू न देता. मेल्याची खबर माणसाला वाटेत द्यायची नसते. काहीतरी निमित्त सांगून घरी आणायचं, मग जाणत्यांनी चारी बाजूंनी धरून सांगायचं.

ओमुर वाटेकडे बघत राहिला. मग त्याने हेल्मेट काढलं.

किलोमीटर ४१२, दोन तासांनी

कालीस आला. बुरुल आपा वही घेऊन बाहेर गेली आणि तिथेच त्याच्याशी बराच वेळ बोलत उभी राहिली. हिच्या तोंडून काही निसटलं नाही म्हणजे मिळवली, असं ओमुरला वाटलं.

कालीस आत आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. वाळू, तो म्हणाला.

ओमुरने ठरवलेलं निमित्त सांगितलं. उजवा गुडघा गेला. शर्यत संपली. एकट्याने घर गाठणं जमणार नाही.

त्याला वाटलं होतं, कालीस आता म्हणेल, वा रे पहिलवान, बस इथेच, पट्टा मी आणतो. कालीस तसाच होता. पण तो फक्त म्हणाला, "तुझी पिशवी माझ्याकडे दे."

घर ८४

शर्यतीची वाट उजवीकडे गेली. ते डावीकडे वळले.

घर ५१

लाल मातीचे डोंगर, मध्ये खडीची रेघ. चढावर ओमुर उतरून लंगडत चालू लागला आणि चार पावलांनी त्याच्या लक्षात आलं, की आपण डावा पाय ओढतोय. त्याने पटकन पाय बदलला. कालीसने ते पाहिलं. नक्कीच पाहिलं. पण एक टोमणा नाही. बिचारा थकलाय, ओमुरला वाटलं.

कालीस सारखा त्याच्या मागेच राहत होता. आपली बाटली त्याने अर्धी ओमुरच्या बाटलीत ओतली. ओमुरला ते बघवेना. शार्शेनआबांनीच ओमुरला पंक्चर काढायला शिकवलं होतं. पोराला खेळू दे जुमाश, असं गावात एकटे तेच म्हणायचे.

घर १९

"कालीस."

"हं."

"पोचल्या पोचल्या मी आमच्या घरी जातो आणि मग तुमच्याकडे येतो. बापाला आधी सांगून टाकतो, हरलो म्हणून."

टायरखाली खडी वाजत राहिली.

ओमुर मनात वाक्यं जुळवत होता. म्हातारा बकल वाजवेल, हसेल. मग त्याला कळेल, की शर्यत शार्शेनसाठी सोडली. चाळीस वर्षं दोघांनी एकत्र मेंढरं चारली होती. तेव्हा तो काही बोलणार नाही. जन्मात पहिल्यांदा बाप टोमणा मारणार नाही. पट्टा नाही तर नाही, तेवढं मिळालं तरी पुष्कळ.

घर ०

ऊन अजून भिंतींवर होतं. दोन्ही घरांच्या मधल्या मोकळ्या जागेत मयताचा गोल तंबू, यूर्त, उभा केला होता. बाहेर पुरुष ओळीने, काठ्यांवर वाकून, टोप्या खाली ओढून उभे होते. दोन सायकली दिसताच त्यांनी आक्रोश सुरू केला.

ओमुर उतरला. त्याने एका हाताने कालीसची सायकल धरली, दुसरा हात त्याच्या पाठीवर ठेवला आणि त्याला हळूच पुढे ढकललं.

कालीस जागचा हलला नाही. त्याने ओमुरचाच दंड घट्ट धरला.

ओळीतून एक म्हातारा काठी टेकत पुढे आला आणि त्याने मान वर केली. शार्शेनआबा. त्यांच्या हातात चांदीच्या बकलाचा पट्टा होता.