जागेचा आवाज

कोणीच हलत नव्हते. कोलशेतच्या खाडीकाठी, तिवरांच्या दाटीत, चित्रीकरणाला आलेली सगळी माणसे श्वास आवरून उभी होती. दृश्य संपले की त्या जागेचा नुसता आवाज मिनिटभर टिपून घ्यायचा, ही कामाची रीत. पण मिनिट केव्हाच सरले होते आणि ध्वनिमुद्रक लिओनेलचा वर केलेला हात खाली येत नव्हता.

नुकतीच सर थांबली होती. पाण्यावरून वाफ उठत होती आणि पलीकडच्या उंच इमारती तीत विरघळल्या होत्या. जणू शहर अजून कोणाच्या मनातही आले नव्हते.

“लिओ, झालं ना रे?” दिग्दर्शिका कादंबरीने विचारले.

त्याने हेडफोन काढून यंत्रावर ठेवला. “काहीच नाहीये यात. सकाळी ढोकरी बगळ्यांनी नुसता गोंधळ घातलेला.”

सगळ्यांची नजर एका फांदीकडे गेली. सकाळी ती कॅमेऱ्याच्या आड येत होती. सहायक ऋतुराजने तिच्यावरचे ढोकरीचे घरटे, निळसर अंड्यांसकट, अलगद शेजारच्या फांदीवर ठेवले आणि मग ती कापली. पुढे दुरून टिपताना तिथली पोकळी खटकू लागली, तेव्हा तीच फांदी तारेने पुन्हा जागेवर बांधली. पाने अजून हिरवीगार होती. त्यांना काही कळले नव्हते.

“एक अंडं हललं नाही, आईशप्पथ,” ऋतुराज पुटपुटला. “येईल ना ती परत.”

“आलेली,” लिओनेल म्हणाला. “तू चहा मारत होतास तेव्हा. बांधलेल्या फांदीवर बसली, जिथं घरटं होतं तिथंच. बाजूला बघितलंपण नाही. गेली उडून.”



“परवा सुनावणी आहे,” कादंबरी हळू आवाजात म्हणाली. “ही तिवरं तोडून रस्ता नको, एवढंच तर सांगतोय आपण या फिल्ममधून. गेल्या पावसाळ्यात तू इथंच रेकॉर्ड केलेलंस ना? ते घालू. खोटं थोडंच आहे? इथलंच आहे.”

लिओनेल चिखलात रुतलेले बूट सोडवत होता.

“पक्षीच ऐकू आले नाहीत, तर हे वाचवा असं कोण म्हणेल? लिओ, देशील ना?”

तो वळला आणि काठाच्या दिशेने चालू लागला.

यंत्र चालूच राहिले होते. कादंबरीने हेडफोन उचलून कानांना लावला. दूर जाणारी पावले ऐकू आली. आणि मग, फार जवळून, तिचाच श्वास.