बाजूला काढलेला रिपोर्ट

सकाळी दहापासून रांग अडली होती. रुग्णालयाच्या तळघरातल्या खोलीत अडॅप्टरवाला एकटाच स्क्रीनसमोर बसला होता आणि वरच्या एकेका वॉर्डातून फोन येत होता. रक्ताचे रिपोर्ट कुठे आहेत?

सगळे त्याला अडॅप्टरवालाच म्हणत, कारण त्याचं काम तेवढंच होतं. प्रयोगशाळेचं यंत्र बोलतं एका भाषेत, रुग्णालयाच्या मोठ्या प्रणालीला कळते दुसरी. मधला अडॅप्टर एकेक रिपोर्ट घेतो, मोठ्या प्रणालीला समजेल असा करतो आणि पुढे ढकलतो. आले तसे, एकामागून एक. पहिला अडला की मागचे सगळे खोळंबतात.

पहिला अडला होता तो क्षुल्लक कारणाने. एका म्हाताऱ्या रुग्णाच्या जन्मतारखेची जागा कोरी होती. बिचाऱ्याला ती माहीतच नसावी. मोठ्या प्रणालीला मात्र कोरी जागा खपत नाही.

"अरे, काढ त्या एकाला बाजूला," साहेब दारातूनच म्हणाले. "एकापायी दोनशे जणांना कशाला टांगून ठेवतोस?"

साहेबांनी नवीन काही सांगितलं नव्हतं. तो नेहमी तेच करायचा. त्याने तो रिपोर्ट न वाचताच बाजूच्या कप्प्यात टाकला आणि रांग भराभर पुढे सरकू लागली. फोन थांबले. एका वॉर्डाने तर चक्क आभार मानले. या खोलीच्या नशिबी ते क्वचितच येतं. त्याला बरं वाटलं.

जेवण झालं, दोन-चार किरकोळ कामं उरकली, आणि तीनच्या सुमाराला त्याने कप्पा उघडला. जन्मतारखेच्या जागी एक जानेवारी टाकली की झालं. त्याने ती टाकली. मग नजर खाली गेली. पोटॅशियम, सात पूर्णांक चार. लाल अक्षरांत.

तो काही डॉक्टर नव्हता, पण लाल म्हणजे काय ते त्याला कळत होतं. पूर्वी असा आकडा आला की प्रयोगशाळेतल्या बाई हातातलं काम टाकून वॉर्डात फोन करायच्या. अडॅप्टर बसला, आकडा आपोआप वॉर्डाच्या स्क्रीनवर लाल दिसू लागला, आणि तो फोन बंद झाला. नको ती कटकट, असं तेव्हा सगळेच म्हणाले होते. तोसुद्धा.

त्याने रिपोर्ट पाठवला. लगेच उलट उत्तर आलं: हा रुग्ण दाखल नाही.

त्याने वॉर्डात फोन लावून त्या रुग्णाची चौकशी केली.

"त्या आजोबांना एक वाजताच घरी सोडलं," सिस्टर म्हणाल्या. "स्क्रीनवर लाल काही नव्हतं, म्हणून डॉक्टरांनी सही केली. का हो?"

त्याने आकडा सांगितला.

"असल्या आकड्याला हृदय कधीही बंद पडू शकतं," सिस्टर म्हणाल्या. "मी डॉक्टरांना सांगून अँब्युलन्स काढते. तुम्ही त्यांच्या घरी फोन लावा. नंबर तुमच्यासमोरच असेल."

होता खरा. सकाळपासून होता. त्याला स्वतःची लाज वाटली, पण त्याहून जास्त भीती वाटली. घाईघाईत पहिल्यांदा नंबर चुकला.

दुसऱ्यांदा फोन उचलला गेला. बाईचा आवाज होता, दबका. आपण रुग्णालयातून बोलतोय, असं त्याने सांगितलं आणि आजोबा कसे आहेत ते विचारलं.

"जरा हळू बोला हं," ती म्हणाली. "बाबा घरी आले ते जे आडवे झालेत, अजून कूससुद्धा बदललेली नाही. किती दिवसांनी अशी गाढ झोप लागलीय त्यांना. उठवू का?"