बॅटरीची जाळी

माझ्या गॅरेजात आलेल्या काकांच्या हायब्रिड गाडीचा बिघाड दाखवणारा तोच दिवा पुन्हा लागला होता. मागच्या खेपेला मी गाडीच्या कॉम्प्युटरमधला बिघाडाचा कोड नुसता पुसून त्यांना वाटेला लावलं होतं, पण कोड पुसल्याने दुखणं जात नाही. या वेळी नीट स्कॅनर लावला. बॅटरी तापल्याचा कोड होता आणि खाली त्या क्षणाची नोंद होती: गाडी चालू, एसी चालू, वेग शून्य.

"उभ्या गाडीत एसी लावून कोणाची वाट बघता, काका?"

"मी कोणाची वाट बघणार? घर कसं भरलेलं आहे," ते हसले. "मुलगा, सून, नातवंडं, आता सुनेचे आईवडीलही राहायला आलेत. पाय ठेवायला जागा नाही बघ."

मागच्या सीटच्या उजव्या कडेला एक जाळी असते. बॅटरी तिच्यातूनच श्वास घेते. मी ती उघडली, तर आत लोकरीसारख्या केसाळ धाग्यांचा हा एवढा बोळा.

"मागे कुत्रं बसवता का?"

"छे रे. गाडीत मी एकटाच असतो."

मी वैतागलो. "मग या जाळीला काही टेकवून ठेवत जाऊ नका. कोड मी आज पुसेन, पण जाळी झाकलीत की दिवा परत लागणार."

काकांनी मान डोलावली. मागच्या सीटकडे जरा वेळ अंदाज घेतल्यासारखं बघत राहिले.

"बरं झालं सांगितलंस," ते म्हणाले. "आजपासून उशी डावीकडे घेतो."