हाताचा गुण

आजही पुदिन्याचे शेंडे कुणीतरी खुडून नेले होते. सुरीने नव्हे, नखाने, पानांच्या जोडीच्या अगदी वर. असं फक्त सासूबाई खुडायच्या. आणि सासूबाईंना जाऊन वर्ष होत आलं होतं.

थोरली सून परसदारी वाफ्यापाशी उभी राहून खुडलेले देठ बघू लागली.

जित्या होत्या तोवर सासूबाईंनी तिला या वाफ्याला हात लावू दिला नव्हता. भाजीत घालायला असो की पोटदुखीच्या काढ्याला, पानं त्याच आणणार. "तुझ्या हाताला गुण नाही," म्हणायच्या, तेही चारचौघांत. थोरली मुकाट्याने कांदे चिरायला घ्यायची. कांद्याच्या नावावर बरंच रडून होतं.

त्या गेल्यावर थोरलीने पहिलं काम केलं ते म्हणजे पुदिना उपटून टाकला. पण पुदिनाच तो, मुळाचा तुकडा राहिला की पुन्हा डोकं वर काढणारच. मग तिने तिकडे बघणंच सोडलं होतं, ते हे खुडलेले शेंडे दिसेपर्यंत. नवी जाऊ घरात आली त्या दिवशी मात्र तिने तिला जवळ बसवून शब्द दिला होता, की मी ऐकलं ते तुला या घरात कधी ऐकावं लागणार नाही.

पानं खुडतं कोण, असं तिने धाकटीला विचारलं. धाकटीने मानेनेच नाही म्हटलं. नवरा तर म्हणाला, घरात पुदिना आहे हेच मला माहीत नव्हतं.

इतक्यात आतल्या खोलीतून सासऱ्यांचं कण्हणं ऐकू आलं. पोट पुन्हा दुखायला लागलं होतं.

"ताई, तुम्ही आधण ठेवा. पानं मी आणते," असं म्हणत धाकटी वाफ्याशी वाकलीसुद्धा.

थोरलीने झटकन तिचं मनगट धरलं. धरलं तेव्हा तिला आपल्या अंगठ्याचं नख दिसलं. नखात हिरवं भरलं होतं, आणि बोटांना पुदिन्याचा वास येत होता.

"राहू दे," ती म्हणाली. "तुझ्या हाताला गुण नाही."

धाकटीचा चेहरा पडला. थोरलीला शब्द गिळायचे होते, पण ते केव्हाच तोंडातून सुटले होते.

आतलं कण्हणं थांबलं.

"कधी आलीस गं?" सासूबाईंशी बोलायचे त्याच सुरात सासऱ्यांनी खोलीतून विचारलं.